साडेबाराची सही

"माणूस म्हणजे त्याची सही. नाक, डोळे, उंची, हुद्दा हे सगळे नंतरचे तपशील. सही जुळली तर माणूस आला. नाही जुळली तर तो समोर उभा राहून खोकत असला, तरी आलेला नाही."

हे उद्गार आजोबांनी बालवर्गाच्या खोलीत, वीतभर उंचीच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत गुडघे कानाशी घेऊन बसल्या बसल्या काढले. श्रोते एकूण चौदा. त्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ श्रोत्याला पुढच्या महिन्यात पाचवं वर्ष लागणार होतं. एक जण भिंतीला टेकून झोपला होता. एकीनं खडू नाकात कुठवर जातो याचा अभ्यास चालवला होता. आणि पहिल्या रांगेतल्या एका गुटगुटीत मुलानं, ज्याला सगळा वर्ग 'डब्या' म्हणत असे, मान हलवून सगळं पटल्याचं दाखवलं आणि विचारलं, "डबा कधी?"

आजोबांनी बँकेत तेहतीस वर्षं सह्या जुळवल्या होत्या. समोर कागद, बाजूला नमुना सहीचं कार्ड, एकदा इकडे नजर, एकदा तिकडे, आणि निकाल: जुळते किंवा जुळत नाही. तिसरा निकाल त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या मुलानं पाचवीत असताना प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकली होती, तेव्हा त्यांनी त्याला मारलं नाही. शेजारी बसवून सहीतल्या चार चुका दाखवल्या. मुलगा म्हणतो, मार परवडला असता.

निवृत्तीनंतर या विद्येला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. तेवढ्यात बालवर्गाच्या बाईंनी निरोप धाडला. मुलांना आपापलं नाव लिहायला शिकवायचंय, वर्षाच्या शेवटी भिंतीवर चित्रं लागतील त्यांवर प्रत्येकानं आपलं नाव आपण घालायचंय, चौदा हात आहेत आणि बाई एकटी, तर कुणा आजी-आजोबांना आठवड्यातून दोन सकाळी वेळ आहे का? आजोबांना आठवड्यातून चौदा सकाळी वेळ होता. शिवाय त्यांची नात याच वर्गात होती. तिचं खरं नाव तीन अक्षरी आणि देखणं होतं, पण ते लसीच्या कार्डावर आणि हजेरीपटातच सापडे. एका जागी कधी उभी राहत नसल्यामुळे घरीदारी तिला भिंगरी म्हणत.

बाईंची पद्धत निवांत होती. मुलं रेतीच्या ताटात बोटानं नाव काढत, मातीच्या वळ्या वळून अक्षरं मांडत, पाण्यात ब्रश बुडवून अंगणातल्या फरशीवर लिहीत आणि ते वाळून गेलं की पुन्हा लिहीत. "आधी हाताला कळू दे," बाई म्हणत, "कागदाला मागाहून कळेल."

आजोबांना हे जरा ढिसाळ वाटलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि चौदा कोरी कार्डं आणली. प्रत्येक मुलाकडून कार्डावर नाव लिहून घेतलं, मागे तारीख टाकली, 'माझ्यासमक्ष' असं लिहून खाली स्वतःची वळणदार सही केली आणि कार्डं नीट लावून डबा बंद केला. हा झाला नमुना. आता यापुढे लिहिलेलं प्रत्येक नाव याच्याशी ताडून पाहायचं.

बाईंनी चौदा कार्डं पाहिली. डब्यानं पहिलं अक्षर लिहून उरलेल्या जागेत डबा काढला होता. झोपाळूचं नाव उताराला लागून कार्डाबाहेर गेलं होतं. भिंगरीचं पहिलं अक्षर आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं, मधल्या अक्षराच्या जागी गोगलगाय होती, कारण त्या दिवशी येताना दारात तिला एक भेटली होती. शेवटच्या अक्षराला जागाच उरली नव्हती.

"आजोबा," बाई हळूच म्हणाल्या, "पण हे चुकीचं आहे ना. हाच नमुना धरायचा?"

"नमुना चूक की बरोबर हे बघायचं नसतं बाई. नमुना तो नमुना."

बाई रेतीची ताटं मांडायला वळल्या. चौदा मुलं सांभाळणाऱ्या माणसाला पंधराव्याशी वाद घालायला वेळ नसतो.

पुढच्या खेपेला आजोबांनी जुळवणी सुरू केली. मुलं कागद घेऊन येत, आजोबा चष्मा कपाळावरून नाकावर आणत, इकडे बघत, तिकडे बघत आणि गंभीरपणे म्हणत, "जुळत नाही." पोरांना हा खेळ वाटला. ती रांग लावून 'जुळत नाही' ऐकायला येऊ लागली, ऐकलं की खिदळत पळत आणि पुन्हा रांगेत शेवटी उभी राहत. डब्यानं तर डब्यातला घास उजेडात धरून "जुळत नाही" असा शेरा मारून तो शेजारणीला देऊन टाकला.

एका भिंगरीला मात्र तो खेळ वाटला नाही. बाकीच्यांना ते गमतीचे म्हातारे होते, तिला ते आजोबा होते. आजोबा खोटं कशाला बोलतील? ती घरी बसून तसंच उलटं अक्षर आणि तशीच गोगलगाय काढायचा प्रयत्न करू लागली. पण अक्षर आता सुलटं येई, आणि गोगलगाय दर वेळी आधीपेक्षा चांगली जमे, हीच तर पंचाईत होती. तिसऱ्या आठवड्यात तिनं पेन्सिल खाली ठेवली. "माझं नाव जुळत नाही," असं तिनं बाईंना सांगितलं आणि विषय मिटवला.

बाईंनी तिला रेती दिली, माती दिली, ब्रश दिला. भिंगरीनं रेतीत डोंगर केला, मातीची गोगलगाय केली आणि ब्रशनं झोपाळूचे पाय धुतले. नाव काही लिहिलं नाही.

आजोबांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण त्या दिवसांत त्यांची स्वतःची एक भानगड चालू होती.

थंडीपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. सकाळी ठीक असे, दुपार झाली की बोटं आपापल्या मताप्रमाणे वागत. घरी चप्पल शिवायला जातो असं सांगून ते डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "वयाचा कंप आहे. धोका काही नाही. लिहिताना, चमचा धरताना जाणवेल. फार मनाला लावून घेऊ नका." आजोबांनी धोका नाही हे ऐकलं आणि मनाला लावून घेतलं.

कारण साधं होतं. घरातली त्यांची कामं एकेक करून गेली होती. बिलांच्या रांगा मुलाच्या फोनमध्ये गेल्या, भाजी दारात येऊ लागली, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे तर सुनेनं बॅटरीचं घड्याळ आणलं. उरलं होतं एकच काम: सकाळी भिंगरीला बालवर्गात सोडायचं आणि साडेबाराला घरी आणायचं. अकरा मिनिटांचा रस्ता, भिंगरीच्या चालीनं पंचवीस. हाताचं कळलं की सून म्हणणार, "बाबा, तुम्ही आता आराम करा." मुलगा मान हलवणार. आजोबांनी त्यांच्या वयाचे पुष्कळ जण आरामाला गेलेले पाहिले होते. त्यातून परत आलेला एकही पाहिला नव्हता.

आणि नेमकं या कामात रोज सही करावी लागे. तो नियमही त्यांचाच.

गेल्या वर्षी कुणाचा तरी मामा पिवळा रेनकोट बघून भलत्याच मुलाला घरी घेऊन गेला होता. मुलगाही आनंदानं गेला, पोटभर जेवला, आणि चूक कळल्यावर परत यायला तयार होईना. त्यानंतरच्या पालकसभेत आजोबांनी उठून एक योजना मांडली. दारात एक वही. मुलाला नेणाऱ्यानं वेळ घालून सही करायची. प्रत्येकाची नमुना सही पहिल्या पानांवर. सही जुळली नाही तर मूल सोडायचं नाही, घरी फोन लावायचा. पेन कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून ते सुतळीनं वहीलाच बांधायचं. बाई हो म्हणाल्या, कारण सभा संपवायची होती. वही दारातल्या मावशींकडे गेली. मावशींनी आजवर बऱ्याच जणांचे बरेच नियम पाळले होते, पण इतका सुटसुटीत नियम त्यांना कधी मिळाला नव्हता. त्यांनी तो काळजात ठेवला.

मग आजोबांनी एक युक्ती काढली. अशी युक्ती केली म्हणून बँकेत त्यांनी स्वतः दोन कारकुनांची तक्रार वर पाठवली होती. सकाळी हात शांत असे. म्हणून सकाळी नऊला भिंगरीला सोडतानाच, मावशी चपला लावण्यात गुंतल्या की, ते वहीत साडेबाराची वेळ टाकून झोकात सही करून ठेवू लागले. दुपारी नुसतं "केली हो सही" म्हणायचं आणि चालू पडायचं. दोन महिने कुणाला पत्ता लागला नाही.

त्या शुक्रवारी मावशी चपला लावून जरा लवकर परतल्या. त्यांनी वहीत पाहिलं, मग खोलीत पाहिलं, मग पुन्हा वहीत.

"आजोबा, इथं लिहिलंय, मुलगी साडेबाराला नेली."

"हो."

"आत्ता सव्वानऊ झालेत."

"हो का?"

"आणि मुलगी मला आत दिसतेय. टेबलाखाली आहे."

आजोबांनी तेहतीस वर्षांत अनेकांना याच जागी उभं राहिलेलं पाहिलं होतं. ते लोक काय बोलत हे आठवून त्यांनीही तेच म्हटलं. "घाईत झालं असेल."

"तीन तास आधी?" मावशींनी पट्टी लावून ती सही सरळ रेघेनं छाटली. "साडेबाराला करा. माझ्यासमोर."

ती सकाळ आजोबांनी लाल खुर्चीत बसून काढली. मुलं कागद घेऊन येत होती आणि ते "छान, छान" म्हणून परत करत होते. मुलं नाराज झाली. डब्या म्हणाला, "नीट सांगा ना." भिंतीवर चित्रं लागली होती. तेरा चित्रांखाली तेरा नावं होती, कुणाचं फुटभर, कुणाचं मुंगीएवढं. चौदावं चित्र भिंगरीचं, खालचा कोपरा कोरा.

"तुम्ही एकदा सांगून पाहता का तिला?" बाईंनी विचारलं.

"मीच तर सांगून ठेवलंय," आजोबा म्हणाले. बाईंना ते कळलं, आणि आजोबांनाही बोलून झाल्यावर कळलं.

साडेबाराला दारात गर्दी झाली, ओसरली. भिंगरी दप्तर लावून मावशींच्या टेबलाभोवती चकरा मारत होती. आजोबांनी पेन घेतलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला आणि सही केली. निदान तसा प्रयत्न केला. पहिलं अक्षर ओळीवरून घसरलं, मधल्यांनी एकमेकांचा आधार घेतला, आणि शेवटचा तो प्रसिद्ध फाटा, ज्याच्यावरून त्यांनी मुलाला पाचवीत पकडलं होतं, तो डोंगररांगेसारखा वरखाली होत पानाच्या काठापर्यंत गेला.

मावशींनी पहिलं पान काढलं. इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. त्यांनी नजर फिरवायची पद्धतसुद्धा आजोबांचीच उचलली होती.

"जुळत नाही," मावशी म्हणाल्या.

भिंगरी जागच्या जागी थांबली. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की आतून बाईही बघायला आल्या.

"आजोबा, तुमचं पण?"

"माझं पण," आजोबा म्हणाले. आता लपवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. "हात हलतो गं. दुपारी जास्त."

"मग तुमचं नाव गेलं?"

"नाही. नाव आहे. नुसतं हलतंय."

भिंगरीनं वहीतली ती सही बोट लावून पाहिली. तिला ती आवडली असावी. "मस्त हललंय," ती म्हणाली.

"सही जुळली नाही तर घरी फोन," मावशींनी नियम म्हणून दाखवला आणि फोन लावला. आजोबांनी हात खिशात घातला, जणू तो आता कुणाच्या नजरेला पडला नाही तर प्रकरण थांबणार होतं. मावशींना कमी ऐकू येई, म्हणून त्यांचा फोन सगळ्या दारालाच ऐकू येई. सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची.

"हां मावशी, बोला. उजवा डोळा झाका. तुम्ही नाही मावशी, समोर गिऱ्हाईक आहे."

"आजोबांची सही जुळत नाही."

"कशी जुळेल? थंडीपासून हात थरथरतोय त्यांचा. खालची ओळ वाचा. घरी रोज अर्धा चहा बशीत असतो, म्हणून मी मुद्दाम खोल बशा आणल्यात. ती अक्षरं आहेत हो काका, मुंग्या नाहीत."

आजोबांनी हात खिशातून बाहेर काढला. त्या बशा त्यांनाही आवडल्या होत्या. का आणल्या, हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?" ते फोनकडे बघून म्हणाले.

"बाबा, तुम्ही चप्पल शिवायला म्हणून गेलात आणि तुटलेली चप्पल तशीच परत आणलीत. मी आणि हे, दोघांनी ठरवलं, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल."

"मग..." आजोबांनी घसा साफ केला. तेहतीस वर्षांत कुठल्याही कागदाकडे त्यांनी इतक्या धास्तीनं पाहिलं नव्हतं. "उद्यापासून भिंगरीला आणायला कोण येणार?"

"कोण म्हणजे? तुम्हीच. मला कुठून सुट्टी? पायांनी चालता ना बाबा, सहीनं थोडंच चालता? आणि खरं सांगू का, तुम्ही तिला कुठं आणता, तीच तुम्हाला आणते. कोपऱ्यावर हात वर करून गाड्या तीच थांबवते, शेजारच्या काकू सांगत होत्या. डावा डोळा झाका आता. मावशी, सोडा हो त्यांना."

फोन बंद झाला. आजोबांच्या छातीतून एक निःश्वास निघाला. तो थंडीपासून आत अडकलेला असावा, कारण बराच वेळ निघत राहिला. डॉक्टरांनी धोका नाही म्हटलं होतं, ते त्यांना आता ऐकू आलं.

मावशी मात्र विचारात पडल्या होत्या. "वहीत लिहिलंय, नेणाऱ्याची सही. आता नेणारी जर ही असेल, तर सही हिची लागेल."

बाईंनी तोंडावर हात धरला. वर्षभर रेती आणि माती करून जे जमलं नाही ते आता दोन शब्दांनी बिघडेल, हे त्यांना कळत होतं.

"मी नेतेय आजोबांना?" भिंगरीनं खात्री करून घेतली.

"वहीत तसंच दिसतंय," मावशी म्हणाल्या.

भिंगरी स्टुलावर चढली. सुतळीचं पेन मुठीत धरलं, जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढली आणि सुरुवात केली. पहिलं अक्षर सुलटं आलं. दुसरं जरा रागावल्यासारखं दिसत होतं, पण ते अक्षर होतं. तिसऱ्यापाशी ती थांबली, आजोबांकडे पाहिलं, आणि हात मुद्दाम हलवत ते काढलं. वरची रेघ तिच्या चौकटीतून निघून डब्याच्या आईच्या सहीवरून पलीकडे गेली. मग उरलेल्या जागेत तिनं एक छोटी गोगलगाय काढली आणि पेन ठेवलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढला, भिंगरीचं कार्ड शोधलं आणि वहीशेजारी ठेवलं. आजोबा वाकून पाहू लागले. उलटं अक्षर, सुलटं अक्षर. एक अक्षर, तीन अक्षरं. त्यांच्या बँकेत हा कागद क्षणभर टिकला नसता.

मावशींनी इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"गोगलगाय जुळते," मावशी म्हणाल्या आणि वेळ टाकली.

भिंगरी स्टुलावरून उडी मारून दोनदा गोल फिरली. बाई आत गेल्या आणि नाक शिंकरून परत आल्या. येताना हातात दोन कोरी कार्डं होती.

"आजोबा, तुमच्या बँकेत म्हाताऱ्या माणसांची सही बदलली की काय करायचा हो तुम्ही?"

"नवा नमुना घ्यायचो," आजोबा म्हणाले. किती जणांना त्यांनी काउंटरवरून ऐकवलं होतं, वय झालं की सही बदलते, त्यात लाजायचं काय, तीनदा करा इथं. स्वतःसाठी ते वाक्य त्यांना एकदाही आठवलं नव्हतं.

एक कार्ड भिंगरीनं भरलं, गोगलगायीसकट. दुसऱ्यावर आजोबांनी तीनदा सही केली. तिन्ही वेगळ्या आल्या. एक चढावर, एक उतारावर, एक पाण्यात पाहिल्यासारखी.

"तीन आजोबा आलेत," मावशी म्हणाल्या. "यांतला कुठला धरायचा?"

"कुठलाही," बाई म्हणाल्या. "जो येईल तो."

"जुळते," आजोबा म्हणाले. कशाशी, हे त्यांनी सांगितलं नाही.

भिंगरीनं त्यांचं उजवं मनगट धरलं, घट्ट, आणि दाराकडे ओढलं. आजोबा ताठ मानेनं निघाले. मन इतकं हलकं झालं होतं की तेहतीस वर्षांच्या सवयीनं पेन खिशाला लावल्याचं त्यांना कळलंही नाही. मागे टेबलावर काहीतरी घसरलं, जमिनीवर पडलं आणि पायरीपर्यंत त्यांच्यामागून सरपटत आलं.

"आजोबा," मावशींनी दारातून हाक मारली, "तेवढी वही ठेवून जा."